आकडा एकटा पाठवायचा नाही

गायकवाड मॅडमना ‘भूकंप कधी होणार?’ असं विचारणारं कुणी ना कुणी रोज भेटायचंच. रिक्षावाला, लग्नातले पाहुणे, बँकेतला कॅशियर. मॅडम कधी वैतागल्या नाहीत. ते मला माहीत नाही, आणि मला माहीत आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, एवढं त्या शांतपणे सांगायच्या. मग म्हणायच्या, “झाला तर तुमच्या पायाखालची जमीन कशी हलेल, ते विचारा. त्याच्यावर मी बोलू शकते.” पण तोवर समोरच्याचा रस गेलेला असायचा. लोकांना तारीख हवी असते.

आम्ही एकाच संस्थेत कामाला होतो. मी इमारतींचा माणूस, त्या जमिनीच्या. मी भाईंदर पश्चिमेच्या मोरव्याला राहतो, त्या भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या आतल्या गल्लीत. ऑफिस घोडबंदर रस्त्याच्या पार त्या टोकाला, त्यामुळे सकाळी मी रिक्षाने पूर्वेला यायचो आणि त्यांच्या गाडीत बसायचो. वाटेत वरसाव्याच्या खाडीपुलापाशी गाडी अडकली की अर्धा तास, कधी तासभरही सुटका नसायची. इतर लोक तिथे हॉर्न वाजवतात. मॅडम इंजिन बंद करायच्या आणि बोलायला लागायच्या. त्यांचं काम मला जे काही कळलं, ते बरंचसं त्या पुलाच्या अलीकडे उभं राहून कळलं.

ते काम थोडक्यात असं. जमिनीच्या पोटात मोठाल्या भेगा असतात. त्यांना भ्रंश म्हणतात. भेगेच्या दोन बाजू वर्षानुवर्षं एकमेकींना रेटत अडून राहतात आणि एक दिवस सरकतात. तो भूकंप. आता अशा भेगेच्या अगदी जवळ गाव असेल, तर तिथे जमीन किती हलेल याचा अंदाज बांधायचा कसा? नेहमीची सूत्रं जगभरच्या नोंदींवरून केलेली असतात, आणि मोठ्या भूकंपाच्या वेळी ऐन भेगेजवळ यंत्र लावलेलं होतं असं फार क्वचित घडतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथेच माहिती सगळ्यात कमी. म्हणून मॅडम ती जमीनच कॉम्प्युटरमध्ये उभी करायच्या. खालचा खडक, वरची माती, मधली भेग, सगळं. मग ती भेग शेकडो तऱ्हांनी सरकवून बघायच्या. कधी या टोकाकडून, कधी त्या टोकाकडून, कधी मध्येच अडखळत. प्रत्येक वेळी गावाखालची जमीन कशी हलते ते मोजायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. मॅडम त्याला सराव म्हणायच्या. “न झालेल्या भूकंपाचा सराव.”

एकदा मी विचारलं, भेग कुठून सरकायला लागते याने एवढा काय फरक पडतो? पुलावर गाड्या तशाच उभ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, चौदा एप्रिलची मिरवणूक आठवा. ती ज्या टोकाला पोचते तिथे सगळी गर्दी, सगळे ढोल एकदम दारात येतात. जिथून निघते तिथे लोक थोडे थोडे, रेंगाळत पुढे जातात. मिरवणूक तीच, पण एका दारात उभं राहायला जागा नसते आणि दुसऱ्या दारात लोक चहा पीत असतात. भेग सरकत गावाकडे येत असेल तर वाटेतल्या सगळ्या लाटा गावात जवळजवळ एकदमच येऊन पडतात. एकच मोठा, संथ धक्का. उंच इमारतीला तोच वाईट.

हे मी नंतर अनेक मोठ्या लोकांकडून ऐकलं, आकृत्यांसकट. मला अजूनही मिरवणूकच आठवते.

त्यांच्या काही सवयी सांगायला हव्यात. कुठल्याही इमारतीत शिरताना त्या आधी तळमजल्याचे खांब बघायच्या. लग्नाच्या हॉलमध्येही. यजमान नमस्कार करत समोर उभे, आणि यांची नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या पिलरवर. ‘सुरक्षित’ हा शब्द त्या वापरायच्या नाहीत, अहवालात तर नाहीच. आणि आमच्या ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं एक वाक्य पहिल्या आठवड्यातच ऐकायला मिळायचं. कुणी नुसतं उत्तर घेऊन आलं, की त्या कागद परत द्यायच्या. “आकडा एकटा पाठवायचा नाही. किती कमी असू शकतो, किती जास्त असू शकतो, ते दोघे बरोबर द्यायचे.”

घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. वडील पूर्वेलाच एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर होते, ते लवकर गेले. कुटुंब मूळ मराठवाड्यातलं. तिकडच्या त्या मोठ्या भूकंपानंतर गाव सोडून भाईंदरला नातेवाइकांकडे आलं आणि इथलंच झालं. त्या वेळी मॅडम शाळेत होत्या. यावर त्या स्वतः कधी बोलत नसत. एका वार्ताहराने त्यांना विचारलं होतं, लहानपणी भूकंप पाहिलात म्हणूनच या क्षेत्रात आलात ना? त्याला हवं ते उत्तर देणं किती सोपं होतं. मॅडम म्हणाल्या, कॉलेजात फक्त कॉम्प्युटरच्या लॅबला एसी होता, म्हणून तिकडे वळले. त्याने ते छापलं नाही.

खरं काय ते मला त्यांच्या आईने सांगितलं, एका रविवारी, शेंगा फोडता फोडता. त्यांच्या गल्लीतली एका बाजूची घरं सगळी बसली होती आणि समोरच्या बाजूची बरीचशी उभी राहिली होती. लोक म्हणायचे नशीब. “ही पोरगी मातर समद्यास्नी इचारायची, त्येंचं का न्हाई पडलं? लोकं चिडायची हिच्यावर. मानसं मेलीत आन ही काय इचारायली. तवापासनं त्येच इचारायलीय बगा.” मॅडम आतल्या खोलीत होत्या. त्यांनी ऐकलं असावं, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यांच्या इमारतीत मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे असे सगळेच. सगळ्यांची ही ‘ताई’. एकदा उत्तरेला पालघरकडे काही दिवस लहान लहान धक्के बसत होते, आणि कुणीतरी मोबाइलवर निरोप सोडला की आज संध्याकाळी मोठा भूकंप येणार. आम्ही ऑफिसातून परतलो तेव्हा सगळी इमारत खाली रस्त्यावर उभी होती. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, पोरं स्वेटर घालून, कुणी देव पिशवीत घेऊन. मॅडमनी गाडीतून उतरून हिंदीत, मराठीत सांगून पाहिलं की असं आधी सांगणं कुणालाच जमत नाही, जगात कुणालाच नाही. लोकांनी मान डोलावली आणि जागेवरून हलले नाहीत. तळमजल्यावरचे किराणावाले शहाभाई म्हणाले, “वो ठीक है ताई, लेकिन आज का दिन नीचे ही रहते हैं.”

मॅडमनी वाद घातला नाही. मला म्हणाल्या, सावंत, चला वर, चहा घेऊ. वर गेल्यावर त्यांनी सगळे दिवे लावले, गॅलरीचं दार उघडलं, आणि गॅलरीत खुर्ची टाकून आईबरोबर मेथी निवडायला बसल्या. पूर्ण काळोख्या इमारतीत तो एकच मजला उजळलेला. खालून सगळ्यांच्या माना वर. शहाभाईंनी हाक मारली, “ताई, आप भी आ जाओ ना.” मॅडमनी वाकून सांगितलं, “कुकर लगाया है, भाई.”

आधी एक बाई बाळाला घेऊन वर आली, बाळाला शी झाली होती म्हणून. मग कुणाची सीरियल, कुणाचं इन्सुलिन. मेथी संपेपर्यंत इमारतीतले बहुतेक दिवे लागले होते. निरोपातली वेळ कधी उलटून गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी सोसायटीच्या लोकांना पार्किंगमध्ये नेलं. वरच्या बाथरूमच्या गळतीने दोन खांबांचं सिमेंट सुटलं होतं आणि आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. रोज सगळे त्याच्या बाजूलाच स्कूटर लावत होते. मॅडम म्हणाल्या, तुम्ही परवा ज्याला घाबरलात ते कधी येईल मला माहीत नाही, पण हे आलेलं आहे. आपली ही सगळी वस्ती मिठागरांच्या चिखलावर आहे, हा चिखल खडकापेक्षा जास्त हलतो, तेव्हा खांब तरी धड असू द्या. दुरुस्तीचा ठराव त्याच बैठकीत झाला. भाईंदरमध्ये सोसायटीच्या एका बैठकीत काही ठरलं, हीच मुळात मोठी गोष्ट.

आता त्या हॉस्पिटलची हकीकत. मॅडमचं नाव निघालं की मला तीच सांगावीशी वाटते.

हिमालयाच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव सांगत नाही. मोठी भेग गावाच्या अगदी जवळून जाते. तिथे सरकारी हॉस्पिटल बांधायचं होतं, आणि आराखडा होता एकाच उंच इमारतीचा. जागा कमी, आणि उंच इमारत दिसायलाही भारी. जमीन किती हलेल याचा अभ्यास आमच्या संस्थेकडे आला आणि मॅडमनी तो दोन वर्षं केला. नेहमीच्या सूत्राने आलेला आकडा त्या उंच इमारतीला चालण्यासारखा होता. मॅडमच्या सरावातून वेगळंच दिसत होतं. भेग पश्चिमेकडून सरकत गावाकडे आली तर तो संथ मोठा धक्का बरोबर त्या दरीत येत होता, आणि दरीतली मऊ माती त्याला आणखी फुगवत होती. मॅडमचं म्हणणं होतं की उंच इमारत नको, तीन-चार बुटक्या इमारती करा, आणि त्याही दरीच्या कडेला, खडकाच्या बाजूला सरकवा.

हे ठरवायला समिती होती. अध्यक्ष एक वयोवृद्ध प्राध्यापक. त्यांनी अर्धं आयुष्य डोंगरात हातोडी घेऊन दगड फोडण्यात घालवलेलं, कॉम्प्युटरवर त्यांचा राग. मॅडमनी पडद्यावर लाटा दाखवल्या, भेगेतून निघून दरीत शिरणाऱ्या, लाल-पिवळ्या. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, ये तो वीडियो गेम है.” सगळे हसले. मॅडमही थोडं हसल्या आणि म्हणाल्या, “हो सर. फक्त खऱ्यात हरल्यावर पुन्हा खेळता येत नाही, म्हणून आधीच खेळतोय.” बैठक निर्णयाविना संपली, पण त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं. पारडं किंचित आमच्या बाजूला झुकलं होतं.

नंतर काही आठवड्यांनी, पाणीपुरवठ्यासाठी घेतलेल्या जुन्या बोअरच्या नोंदी आम्हाला उशिराने मिळाल्या. मॅडमनी त्या आपल्या कॉम्प्युटरमधल्या जमिनीशी ताडून पाहिल्या. दरीच्या दक्षिण भागात, जिथे हॉस्पिटलची जागा होती, खडक त्यांनी धरला होता त्याहून बराच वर निघाला. म्हणजे मऊ माती तिथे तेवढी खोल नव्हतीच. म्हणजे हॉस्पिटलच्या जागेसाठी त्यांनी सांगितलेला आकडा जास्त होता.

त्या दिवशी परतताना पुलापाशी गाडी अडकली, आणि पहिल्यांदाच त्यांनी इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून होत्या. एकदाच म्हणाल्या, “सावंत, दोन वर्षं माझी माती चुकीची होती.” मी म्हटलं, नोंदीच आत्ता मिळाल्या, तुमचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी त्या संचालकांकडे गेल्या. संचालक भले गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं पडलं की सुधारित आकडा अंतिम अहवालाच्या परिशिष्टात द्यावा, आत्ता गाजावाजा केला तर समोरचे सगळाच अभ्यास उडवून लावतील आणि उंच इमारत उभी राहील. म्हणजे आपल्याच हाताने नुकसान. त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. मलाही ते पटत होतं. मॅडम म्हणाल्या, “परिशिष्टात घातलेली चूक म्हणजे लपवलेलीच चूक, सर. मला पुन्हा समितीसमोर जाऊ द्या.” संध्याकाळच्या आत त्यांनी सगळ्या सदस्यांना स्वतः फोन केले.

त्या बैठकीला मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या की मागच्या वेळी मी दिलेला आकडा चूक होता. मग कुठे चुकला, का चुकला, आणि आता किती येतो, ते सांगितलं. आराखडा करणाऱ्यांचा माणूस हेच बोलायला टपला होता. तो म्हणाला, मग हे सगळंच रद्द करायला हवं, आज हा आकडा, उद्या तिसरा. मॅडमनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आकडा उतरला हे खरं, पण नेहमीच्या सूत्राच्या तो अजूनही बराच वर आहे, आणि धक्का कोणत्या बाजूने येतो, कसा येतो, ते बदललेलं नाही. उंच इमारत तिथे अजूनही नको. आणि हा आकडाही मी एकटा आणलेला नाही. किती कमी, किती जास्त असू शकतो, ते समोरच्या पानावर आहे.

अध्यक्षांनी ते पान पुढे ओढलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, ही चूक तुम्ही सांगितली नसती तर आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली असती का?

मॅडम म्हणाल्या, “नाही, सर. कुणाच्याच नाही.”

म्हाताऱ्याने चष्मा परत लावून ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, “आपका कंप्यूटर मैं आज भी नहीं समझता. लेकिन आप समझ में आ गईं.”

बुटक्या इमारती ठरल्या. खडकाच्या बाजूला ठरल्या. शिवाय दरीत जमिनीचं हलणं नोंदवणारी यंत्रं बसवायची, हेही मॅडमनी त्याच बैठकीत मंजूर करून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी घरी फोन लावला. आईचा आवाज मलाही ऐकू येत होता. दवाखाना उभा ऱ्हाईल का मग, असं ती विचारत होती. मॅडम म्हणाल्या, राहीलच असं म्हणत नाही आई, राहावा म्हणून जमेल ते केलंय.

ही बातमी भाईंदरला पोचायला वेळ लागला, पण पोचली तेव्हा थेट फ्लेक्सवरच चढली. केबिन रोडच्या तोंडाशी मॅडमचा जुना, ओळखपत्रावरचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘भूकंप रोखणारी भाईंदरची कन्या’. मॅडमनी गाडी थांबवली. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरेना. त्यांनी मंडळाच्या मुलांना गाठून सांगितलं, भूकंप कुणी रोखत नसतं बाबांनो, ते काढा. मुलं बिचारी गोंधळली, पण दुसऱ्या दिवशी ‘रोखणारी’वर कागदाची पट्टी चिकटवून ‘समजणारी’ केलं होतं. आईने त्या फ्लेक्सखाली उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. आणि खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात मीही, कुणाचं लक्ष नाही बघून, एक काढला.

हॉस्पिटल बांधून झालं, सुरू झालं. आणि मग त्या भागात भूकंप झाला. ज्याची भीती होती तो महाभूकंप नव्हे. मध्यम म्हणावा असा, पण जुन्या घरांच्या भिंती फोडणारा. दरीतल्या यंत्रांच्या नोंदी आमच्याकडे आल्या तेव्हा सगळं ऑफिस मॅडमच्या टेबलाभोवती जमलं. त्यांनी आपल्या सरावातली लाट आणि खरी लाट एकावर एक ठेवली. संथ, मोठ्या हेलकाव्यांच्या बाबतीत दोन्ही रेघा जवळपास एकच होत्या. पश्चिमेकडून सरकत आल्यावर जसं व्हायला हवं होतं तसंच. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र एका यंत्रावर अडकल्या होत्या. दरीच्या उत्तर टोकाला, तिथे दोन रेघांचं काही जमत नव्हतं. “हे बघा,” त्या म्हणाल्या, “हे इथे मला काहीच कळलेलं नाही.” आणि इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

पंधरवड्याने आम्ही दोघे तिथे पाहणीसाठी गेलो. वाटेत मी म्हटलं, हॉस्पिटल उभं आहे मॅडम, तुमच्यामुळे. त्यांनी मला तिथेच थांबवलं. हा मोठा नव्हता, असल्या धक्क्यात ती उंच इमारतही उभी राहिली असती, याच्यावरून काही सिद्ध होत नाही. मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, “पण तयारी वाया जात नाही,” एवढं म्हणाल्या. तिथल्या विद्यापीठाने त्यांना बोलावलं होतं, भेगेच्या जवळच प्रयोगशाळा उभी करायला. त्या हो म्हणाल्या होत्या. आईही, पुष्कळ कुरकुर करून, त्यांच्याबरोबर जायला तयार झाली होती. मला हे त्या प्रवासातच कळलं. त्या मागे थांबणार होत्या, मी एकटा परतणार होतो.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा तिथे एकच धावपळ. गावातल्या जुन्या दवाखान्याला भेगा पडल्या होत्या, म्हणून तिथले रुग्ण इकडे हलवणं चाललं होतं. मॅडम सवयीप्रमाणे आधी तळमजल्याचे खांब बघत बघत पॅसेजच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. समोरून खाटा येत होत्या. एक तरुण नर्स घाईने म्हणाली, “बहनजी, साइड में हो जाइए, रास्ता दीजिए.”

मला वाटलं, हिला सांगावं, या कोण आहेत ते. मॅडमनी नुसत्या डोळ्यांनी मला गप्प केलं आणि पर्स छातीशी धरून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या समोरून एकामागून एक खाटा गेल्या. एका खाटेवर एक म्हातारी बसूनच चालली होती, मांडीवर डबा घेऊन.

माझी गाडी बाहेर उभी होती, ड्रायव्हर हाका मारत होता. मी निरोप घेतला. त्यांनी मान हलवली, पण लक्ष खाटांकडे होतं. फाटकापाशी पोचल्यावर मी वळून पाहिलं. हॉस्पिटलचं मोठं दार परत परत मिटत होतं, आणि मॅडम पाठीने ते लोटून धरून उभ्या होत्या, आतल्या-बाहेरच्यांना हाताने खुणा करत, “आइए, आइए, संभालके,” म्हणत.